‘बुद्ध’ की ‘बुध्द’? छोट्या धंद्याच्या कार्डावरची आणि लेटरहेडवरची अक्षरे

दिघा ते बेलापूर या पट्ट्यात आपली अनेक मुले-मुली आता नोकरीची वाट न पाहता स्वतःचे काम सुरू करत आहेत. कुणी एमआयडीसीतल्या कंपन्यांचे साफसफाईचे कंत्राट घेतो, कुणी सोसायट्यांच्या वायरिंगची कामे करतो, कुणी एसी दुरुस्ती, कुणी डबे. बचत गटातल्या ताई मसाले आणि पापड विकतात. कर्जाच्या किंवा निविदेच्या फायली भरायला ही मंडळी आमच्याकडे येतात, तेव्हा फाईल उघडल्याबरोबर त्यांच्या धंद्याचे लेटरहेड दिसते. काम चोख असते, हिशेब चोख असतो, आणि लेटरहेड मात्र जयंतीच्या फ्लेक्सची छोटी आवृत्ती असते. नाव एका नक्षीदार फॉन्टमध्ये, त्याखाली इंग्रजी नाव ठसठशीत टाइम्समध्ये, पत्ता तिसऱ्यात, मोबाइल नंबर चौथ्यात. नावाला सोनेरी छटा आणि मागे सावली. आणि धंद्याला बुद्धांचे नाव दिले असेल, तर ते बहुतेक वेळा चुकीचे लिहिलेले.

अक्षरांवर एवढे काय बोलायचे, असे कार्यकर्त्यांना वाटेल. पण आपल्यातले बहुसंख्य उद्योजक पहिल्या पिढीचे आहेत. वडिलोपार्जित पेढी नाही, बाजारात ओळख सांगणारा मामा-काका नाही. अशा वेळी माणूस आत जाण्याआधी त्याचा कागद आत जातो. तुर्भ्याच्या कंपनीतला खरेदी अधिकारी किंवा बँकेतला कर्ज अधिकारी त्या कागदाकडे पाहूनच ‘हे काम झेपेल का’ याचा अंदाज बांधतो. समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू या फ्रेंच अभ्यासकाने ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटले, ते असेच छोट्या गोष्टींतून चालते. हे न्याय्य आहे असे आमचे म्हणणे नाही. पण या बाबतीत आपण मागे पडावे असेही काही कारण नाही, कारण हे भांडवल जवळजवळ फुकट मिळते.

आपल्या चळवळीला छापील अक्षराचे महत्त्व नव्याने सांगायला नको. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नव्हती. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला. भारतभूषण प्रिंटिंग प्रेस, नंतरचा बुद्धभूषण. दादरची ती वास्तू जून २०१६मध्ये पाडली गेली, तेव्हा समाज रस्त्यावर का उतरला हे त्या वेळच्या तरुणांना आठवत असेल. छापखाना हाती असणे म्हणजे आपले म्हणणे आपल्या अक्षरांत, दुसऱ्याची परवानगी न घेता लोकांपुढे ठेवता येणे. तो छापखाना चालवायला खिळे विकत घ्यावे लागत, एकेक खिळा जुळवणारा जुळारी लागे. आज ते सगळे खिळे मोबाइलमध्ये मावतात. आता प्रश्न उरतो निवडीचा.

सुरुवात आपल्याच नावापासून करू.

‘बुद्ध’ या शब्दात द आणि ध यांचे जोडाक्षर आहे. आधी द, मग ध. ‘बुध्द’मध्ये ते उलटे होते. कमानींवर, वह्यांच्या वेष्टनांवर, विहारांच्या पाट्यांवरसुद्धा आपण ‘बुध्द’, ‘सिध्दार्थ’, ‘बौध्द’ सर्रास पाहतो. याचे कारण अज्ञान एवढेच नाही. देवनागरीत ज्या अक्षरांना उभा काना आहे, त्यांचे अर्धे रूप सहज निघते. काना काढला की झाले. ‘ध’ला काना आहे, म्हणून ‘ध्’ लगेच तयार होतो. ‘द’ला काना नाही. त्याचे अर्धे रूप करायचे तर त्याचा पाय तरी मोडावा लागतो, नाही तर पुढचे अक्षर त्याच्या पोटाखाली लटकवावे लागते. हे दुसरे रूप म्हणजे ‘द्ध’. घाईत टंकणारा माणूस सोपी वाट धरतो आणि ‘ध्द’ लिहून मोकळा होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच भासतात, म्हणून चूक टिकून राहते.

ज्यांनी पालीचे प्राथमिक धडे घेतले आहेत त्यांना याचा नियम माहीत असेल. एकाच वर्गातला हलका आणि जड वर्ण जोडला जातो तेव्हा हलका आधी येतो, जड नंतर. दुक्ख, अत्थ, अट्ठ, बुद्ध. ‘दुख्क’ कुणी लिहीत नाही, मग ‘बुध्द’ का चालवून घ्यायचे?

धंद्याच्या दृष्टीने याचा आणखी एक तोटा आहे. संगणकाला ‘सिद्धार्थ’ आणि ‘सिध्दार्थ’ हे दोन वेगळे शब्द वाटतात. गुमास्ता परवान्यावर एक, लेटरहेडवर दुसरे आणि बँक खात्यावर तिसरे असे झाले की नाव जुळत नाही म्हणून कागद परत येतो. इंटरनेटवर गिऱ्हाईक योग्य नाव शोधते आणि आपले दुकान सापडत नाही. त्यामुळे फॉन्ट निवडण्याआधी नाव एकदा नीट लिहा, मोबाइलमध्ये साठवून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तेच चिकटवा.

आता फॉन्टची परीक्षा. दुकानदार संगणकावर फॉन्टची यादी दाखवतो, त्यात ‘अबक’ सगळ्यांचेच छान दिसते. कस लागतो जोडाक्षरांत. आम्ही तरुणांना काही ठरावीक शब्द टंकून बघायला सांगतो. बुद्ध, विद्या, पद्मा. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे. ॲडव्होकेट, ऑर्डर. तिसऱ्या, कऱ्हाड. धम्माचे काम असेल तर पञ्ञा आणि अट्ठंगिक. फॉन्ट चांगला असेल तर ‘द्ध’ आणि ‘ट्ठ’ नीट बांधलेले दिसतात. फॉन्ट कच्चा असेल तर मध्ये पायमोडीचे चिन्ह लटकलेले दिसते, किंवा ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन येतो.

यातला ‘ऱ्य’ मराठीचा खास आहे. हिंदीसाठी बनलेल्या काही फॉन्टमध्ये त्याचे भान नसते आणि ‘ऱ्य’ऐवजी रफार येतो. खानपानाचा धंदा करणाऱ्यांनी हे जपावे. ‘आचाऱ्यांची सोय होईल’ म्हणजे स्वयंपाक करणारी माणसे मिळतील. ‘आचार्यांची सोय होईल’ म्हणजे भलतेच!

‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांचीही मराठी आणि हिंदी वळणे वेगळी आहेत. मराठीत ल दोन पाकळ्यांसारखा आणि श देठ असलेला, अशी आपली शाळेपासूनची सवय. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची वळणे प्रमाणित केली आहेत. बरेचसे फॉन्ट मात्र आधी हिंदी वळण दाखवतात, आणि मराठी वळण आत दडवून ठेवलेले असते. मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की ते बाहेर येते, पण प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये येईलच असे नाही. ‘टिरो देवनागरी मराठी’ नावाचा फॉन्ट मुळातच मराठी वळणांचा आहे. त्याच घराण्यातले हिंदी आणि संस्कृत फॉन्ट वेगळे आहेत, नाव वाचून घ्यावे. हिंदी वळणाचा ल कार्डावर आला तर आकाश कोसळत नाही, असे आमचे मत. पण आजीने आणि नातवाने वेगवेगळी अक्षरे का वाचावीत, हा प्रश्न उरतोच.

इथून पुढे मुख्य मुद्दा, अक्षरांच्या जोडीचा. नवी मुंबईत धंदा करायचा तर कार्डावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही लागतात. शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी मल्याळी असतो, कंपनीतला व्यवस्थापक गुजराती, वॉर्ड ऑफिसमधला कर्मचारी मराठी. म्हणून आपल्याकडे फॉन्टची जोडी जुळवणे म्हणजे आधी दोन लिप्यांची जोडी जुळवणे. इंग्रजी मार्गदर्शक लेखांत हा भाग नसतो. तिथे सगळी चर्चा एकाच लिपीतल्या दोन वळणांची असते.

दोन लिप्या शेजारी ठेवल्या की काय बिघडते ते पाहा. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. वर मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षराचा खालचा मजला. एवढे सगळे एका ओळीच्या उंचीत बसवायचे म्हणून मूळ अक्षराला जागा कमी उरते. त्यामुळे दोन्हीला १० पॉइंट दिले तरी मराठी बारीक आणि इंग्रजी मोठी दिसते. शिवाय रेषेची जाडी जुळत नाही. इंग्रजी ठळक केली की ती काळी कुळकुळीत होते, मराठी ठळक केली की ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांच्या पोटातली पांढरी जागा भरून जाते. शेवटी कागदाकडे पाहणाऱ्याला इंग्रजी मालक आणि मराठी तिची मोलकरीण असे चित्र दिसते. हे कुणी मुद्दाम करत नाही, आपोआप होते.

यावर सरळ उपाय म्हणजे ज्या फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या एकाच हाताने, एकमेकींकडे पाहत काढल्या आहेत तो घेणे. गेल्या दहा-बारा वर्षांत असे फॉन्ट भरपूर झाले आहेत. खाली दिलेले सगळे गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत, आणि त्यांचा परवाना असा आहे की धंद्यासाठी वापरले तरी पैसे द्यावे लागत नाहीत. चोरीचा फॉन्ट वापरण्याची काही गरज उरलेली नाही.

मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला ‘मुक्ता’ आम्ही सगळ्यात आधी सुचवतो. साधा, स्वच्छ, सात जाडींमध्ये मिळणारा. पत्रे, बिले, दरपत्रके सगळीकडे चालतो, आणि त्याची इंग्रजी मराठीवर कुरघोडी करत नाही. त्याच संस्थेचा ‘बलू’ जाडजूड आणि गोलाकार आहे. डब्यांचा, खाऊचा, पाळणाघराचा धंदा असेल तर नावापुरता तो फार गोड दिसतो. पण बलूमध्ये अख्खे पत्र लिहू नका, वाचणारा कंटाळतो. ‘अनेक’ हा त्यांचा २०२२चा फॉन्ट रुंदीलाही कमी-जास्त होतो. धंद्याचे नाव लांबलचक असेल, आणि आपल्याकडे ‘माता रमाई महिला बचत गट गृहउद्योग’ अशा धाटणीची नावे असतात, तेव्हा त्याचा अरुंद प्रकार कामाला येतो.

इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘पॉपिन्स’ आणि ‘हिंद’ हेही असेच द्विलिपी. पॉपिन्स भूमितीच्या वर्तुळासारखा, संगणक दुरुस्ती किंवा मोबाइल दुकानाला शोभणारा. हिंद कमी जागेत जास्त मजकूर बसवतो, दरपत्रकाच्या तक्त्यात बरा पडतो. त्यांचेच ‘खंड’, ‘तेको’ आणि ‘राजधानी’ चौकोनी अंगाचे आहेत. फॅब्रिकेशन, वायरिंग, वाहतूक अशा कामांच्या नावाला ते शोभतात.

‘यात्रा वन’ या फॉन्टची प्रेरणा मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्या. जाड-बारीक रेषांचा, कटनिबच्या लेखणीने लिहिल्यासारखा. पूर्वी आपल्या वस्त्यांतले कितीतरी पेंटर अशाच अक्षरांवर पोट भरत. १४ एप्रिल जवळ आला की त्यांना उसंत नसे. फ्लेक्स आला आणि ते काम गेले. त्या हातांची आठवण म्हणून का होईना, नावासाठी हा फॉन्ट आम्हाला आवडतो. फक्त नावासाठी.

आता जोडी कशी लावायची? दोन फॉन्ट पुरे. एक धंद्याच्या नावाला, दुसरा बाकी सगळ्याला. नावाच्या फॉन्टला थोडा स्वभाव असू द्या, दुसऱ्याने गुपचूप काम करावे. बलू आणि मुक्ता. यात्रा वन आणि मुक्ता. खंड आणि हिंद. वकील, सल्लागार, शिकवणीवाले यांच्यासाठी नाव टिरोत आणि तपशील मुक्तात. टिरोची रेषा पुस्तकातल्यासारखी जाड-बारीक, मुक्ताची एकसारखी. दोघांत फरक स्पष्ट दिसतो, म्हणून जोडी शोभते. उलट पॉपिन्स आणि मुक्ता एकत्र ठेवले तर दोन्ही साधे आणि एकसारख्या जाडीचे. ते वेगळे आहेत की छपाईत काही चुकले आहे, हेच कळत नाही. जोडी शोभते ती एक तर पुरेशा फरकामुळे, नाही तर एकाच घराण्यातली असल्यामुळे. अधलेमधले वाईट. आणि काहीच सुचत नसेल तर एकट्या मुक्ताच्या दोन जाडी घ्या, नाव जाड आणि बाकी साधे. निम्म्या धंद्यांना यापेक्षा जास्त काही लागत नाही.

इंग्रजीसाठी निघालेल्या काही युक्त्या देवनागरीला लावू नका. इंग्रजी नावातली अक्षरे लांब-लांब ठेवली की ती रुबाबदार दिसतात. मराठीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसते. इंग्रजी तिरकी करतात, त्यासाठी वेगळी तिरकी अक्षरे काढलेली असतात. देवनागरीत तशी परंपरा नाही. संगणक उभी अक्षरेच ढकलून वाकवतो आणि काने आडवे होतात. इंग्रजी मोठ्या लिपीत लिहून ठसवता येते, मराठीत मोठी-लहान लिपी नाही. मराठीला ठसवायचे तर आकार, जाडी किंवा रंग यांपैकी एकच काहीतरी वापरा.

मापांचे बोलू. आपल्याकडचे नेहमीचे कार्ड साडेतीन बाय दोन इंचांचे. कडेने पाच मिलिमीटर जागा मोकळी सोडा. इंग्रजी तपशील ८ पॉइंट असेल तर मराठी ९ ठेवा आणि डोळ्यांनी तपासा. मोजपट्टीवर समान असण्यापेक्षा दिसायला समान असणे महत्त्वाचे. लेटरहेडवरच्या पत्राला मराठी ११ किंवा १२ पॉइंट, आणि ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त, साधारण दीडपट. नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मोबाइल नंबर १२३ असे आकडे वापरून द्यावा की इंग्रजी आकड्यांत, यावर आमच्यात वाद होतो. मराठी आकड्यांचा अभिमान हवा, पण फोन लावणारा मल्याळी सेक्रेटरीही आहे. इंग्रजी बाजूवर इंग्रजी आकडे आणि मराठी बाजूवर मराठी, हा मध्यम मार्ग. जीएसटी क्रमांक मात्र इंग्रजी अक्षरांचा असतो, तो आहे तसाच छापा.

मराठी पुढे की मागे? पुष्कळ जण इंग्रजी पुढच्या बाजूला आणि मराठी मागे छापतात. कार्ड पाकिटात जाते ते पुढच्या बाजूनेच. मजकूर कमी असेल तर दोन्ही भाषा एकाच बाजूला, मराठी वर किंवा डावीकडे, अशी आमची पसंती. दुकानाच्या पाटीला तर आता कायदाच आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरे इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती लावायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. हा नियम पाटीचा, कार्डाचा नाही. पण पाटीसाठी मराठी नाव एकदा नीट बनवून घ्यायचेच आहे, तर तेच अक्षर कार्डावर, बिलबुकावर, रबरी शिक्क्यावर आणि व्हॉट्सॲपच्या डीपीवर घ्या. चार ठिकाणी चार रूपे म्हणजे चार दुकाने.

कार्डावर लिहायचे काय, हाही प्रश्न असतोच. मालकाच्या पदव्या, मंडळातली पदे, संघटनेचे सरचिटणीसपद, सगळे साडेतीन इंचांत कोंबले जाते. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे ब्राह्मी शिलालेख आहेत. त्यांत कल्याणचा सोनार आहे, व्यापारी आहेत. नाव, व्यवसाय, गाव आणि काय दिले, एवढेच दगडावर कोरलेले. एकेक अक्षर छिन्नीने काढावे लागत असल्याने फापटपसारा परवडत नव्हता. ज्या ब्राह्मीत ते कोरले तिच्याच वंशात पुढे आपली देवनागरी आली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या उपासक कारागिरांचे हे एका परीने व्हिजिटिंग कार्डच. त्यांना जेवढे पुरले तेवढ्यात मोबाइल नंबर घाला, काम झाले.

चिन्हांबाबत एक सावधगिरी. सम्राट अशोकांवरच्या प्रेमापोटी अनेक जण लेटरहेडवर चार सिंहांची राजमुद्रा छापतात. ते भारताचे राजचिन्ह आहे. २००५च्या कायद्यानुसार खासगी धंद्याने ते वापरणे गुन्हा आहे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. निविदेच्या कागदावर ते असेल तर आपणच आपल्या विरोधातला पुरावा जोडून देतो. बोधीवृक्षाचे पान घ्या, कमळ घ्या. आणि बुद्धांचा चेहरा बिलबुकावर नको, असे आम्ही आग्रहाने सांगतो. बिल फाटते, चुरगळते, त्यात भजी गुंडाळली जातात.

प्रत्यक्ष छपाईच्या वेळी गाडी अडते ती डीटीपीच्या दुकानात. तिथे अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेले असते इंग्रजीचे एखादे अक्षर. म्हणून ती फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की सगळी कचराकुंडी होते, आणि मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवता येत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, फॉन्ट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. विंडोज २०००सोबत घरोघरी आलेला ‘मंगल’ हा असाच युनिकोड फॉन्ट. तो काढणारे र. कृ. जोशी मराठीच, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईत शिकवणारे. मंगल पडद्यावर वाचण्यासाठी होता. छापील लेटरहेडवर तो फिका वाटतो ही त्याची चूक नाही, तो चुकीच्या कामाला लावला जातो एवढेच.

दुकानात जाताना फॉन्टची फाईल आणि मजकूर स्वतः घेऊन जा. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला हवा. दुकानदार ‘आमच्याकडे हा चालत नाही’ म्हणेल. त्याच्याकडचे कोरलड्रॉ जुने असेल तर खरेच चालत नाही, वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. तसे असेल तर घरच्या किंवा विहारातल्या संगणकावर रचना करून पीडीएफ न्या, आणि दुकानात अंतिम फाईल कर्व्ह करून छापायला सांगा. कर्व्ह केले की अक्षरांचे चित्र होते, मग ती कुठल्याही यंत्रावर हलत नाहीत. पण त्याआधीची, मजकूर बदलता येईल अशी मूळ फाईल मागून घ्या आणि स्वतःच्या ईमेलवर ठेवा. पत्ता बदलला की तीच लागते. फाईल दुकानदाराकडे अडकली की पुढची पाच वर्षे आपण त्याचे बांधील.

रंग निळा असावा असे बहुतेकांना वाटते, आणि त्यात वावगे काही नाही. फक्त गडद निळा घ्या. आकाशी निळ्यातली बारीक अक्षरे फोटोकॉपीत उडून जातात, आणि आपला कागद कर्जाच्या फायलीत जाऊन त्याच्या चार-चार झेरॉक्स निघणार हे ठरलेलेच आहे. सोनेरी अक्षर झेरॉक्समध्ये एक तर काळे पडते, नाही तर दिसेनासे होते. रबरी शिक्क्यासाठी सगळ्यात साधी जाडी घ्या. शाई पसरते आणि ‘द्ध’चे पोट आधी भरते.

हजार कार्डांची ऑर्डर देण्याआधी एक कार्ड साध्या कागदावर खऱ्या मापात छापा. त्याची झेरॉक्स काढा, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढा. ती घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाच्या हातात द्या, चष्म्याशिवाय नंबर वाचायला सांगा आणि नाव मोठ्याने म्हणायला सांगा. आजी अडखळली, तर मराठी अर्धा पॉइंट वाढवा आणि पुन्हा छापा.